करायला गेलो टिकी

सॅन डिएगोत झाड पाडायला बक्कळ पैसे मोजावे लागतात. पाडलेलं झाड मात्र फुकट मिळतं. ताडाच्या जातीचं असेल तर नेणाऱ्याचे वर आभारही मानतात. त्याच्या ओल्या खोडात इतकं पाणी असतं की माणसाच्या उंचीचा ओंडका सहज दीडशे किलोच्या आसपास भरतो. तो धड जळत नाही, त्याच्या फळ्या निघत नाहीत आणि कचऱ्याच्या डब्यात तो मावत नाही. त्यामुळे सकाळी कुठे करवतीचा आवाज आला की दुपारी तिथल्या फुटपाथवर 'फ्री' अशी पाटी लावलेले ओंडके पडलेले दिसतात. शहाणी माणसं तिथून गाडी जरा वेगानं काढतात.

आमचे शेजारी नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे. बांबूचा बार, कोळ्याचं जाळं, त्यात अडकवलेले काचेचे गोळे, फुगलेल्या काटेरी माशाच्या पोटात लावलेला दिवा, आणि भिंतीला टेकून दात विचकत उभे असलेले लाकडी पुतळे. या पुतळ्यांना टिकी म्हणतात. शेजाऱ्यांच्या आवारातला मेक्सिकन फॅन पाम छपरावर झावळ्या टाकायला लागला म्हणून त्यांनी तो पाडून घेतला, त्याचे तुकडे करवले आणि सगळ्यात जाडजूड तुकडा दोन माणसं लावून, हातगाडीवर घालून माझ्या परसात आणून टाकला. "तू रिटायर झालास ना?" एवढंच म्हणाले. इथे रिटायर माणसाला छंद नसला की लोक हळू आवाजात त्याच्या तब्येतीची चौकशी करायला लागतात.

टिकी कोरण्यात नवशिक्याची मोठी सोय आहे, असं मला वाटलं. गणपती करायचा तर सोंड कशी हवी ते शेंबडं पोरही सांगतं. गावच्या पुढाऱ्याच्या पुतळ्याचं नाक चुकलं तर मोर्चा निघतो. टिकीचं तसं काही नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, चेहरा उग्र, की झाला टिकी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही भीतीच उरत नाही. मुळात मारुतीच करायला घ्यायचा.

आधी वाचन केलं. मराठी माणूस कुठलंही अंगमेहनतीचं काम वाचनानं सुरू करतो, कारण त्यात कपडे मळत नाहीत.

वाचनातून कळलं की कॅलिफोर्नियाच्या परसातला टिकी पॉलिनेशियात जन्मलेला नाही, तो खानावळीत जन्मलेला आहे. १९३३च्या डिसेंबरात अमेरिकेतली दारूबंदी उठली. त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या एका फिरस्त्यानं हॉलिवूडमध्ये लहानसा बार काढला आणि तिथे वेत, बांबू, जहाजांवरचं भंगार आणि भरपूर रम असा दक्षिण समुद्राचा देखावा उभा केला. 'डॉन द बीचकोंबर' हे बारचं नाव इतकं गाजलं की त्यानं स्वतःचंच नाव कायदेशीर बदलून डॉन बीच करून घेतलं. १९३४मध्ये ओकलंडला व्हिक्टर बर्जेरॉननं दुकान थाटलं, तेच पुढे 'ट्रेडर व्हिक्स' झालं. या बर्जेरॉनचा एक पाय लहानपणी हाडाच्या क्षयानं गेला होता. गिऱ्हाइकांना तो सांगायचा की शार्कनं खाल्ला. आणि ऐकणाऱ्याचा विश्वास डळमळला तर बर्फ फोडायचा टोच्या उचलून लाकडी पायात खुपसून दाखवायचा. माझ्या मते या घराण्याचा मूळ पुरुष तोच. लाकूड आणि थाप यांची इतकी घट्ट सांगड त्याच्याआधी कुणी घातली नसेल.

पुढे महायुद्ध झालं, पॅसिफिकमधून सैनिक आठवणी घेऊन परतले. १९४७ साली थॉर हेयरडाल 'कॉन-टिकी' नावाच्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी रारोइयाच्या प्रवाळावर आदळला. १९५९मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, १९६३मध्ये डिस्नीलँडनं टिकींना गायला लावलं. तोवर मोटेल, बोलिंगचे अड्डे, घरांचे पोहण्याचे तलाव, सगळीकडे हे दात विचकून उभे होते.

खऱ्या टिकीची गोष्ट निराळी आहे, आणि ती वाचताना मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसलो. माओरी परंपरेत टिकी हा पहिला माणूस. मार्केसास बेटांपैकी हिवा ओआवर पुआमाऊ इथे टाकाई नावाचा दगडी टिकी आहे, सुमारे अडीच मीटर उंच. हवाईत अशा मूर्तीला कीई म्हणतात. तिथल्या कू या देवाच्या देवळांतल्या प्रचंड लाकडी मूर्तींपैकी तीनच आज उरल्या आहेत. एक लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये, एक मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला, एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये. २०१० साली तिघांना होनोलुलूत एकत्र आणलं होतं. या मूर्ती नीरफणसाच्या लाकडाच्या आहेत. मालवणला आमच्या परसात नीरफणस होता. त्याचे काप तळतात यापलीकडे त्या झाडाबद्दल आमच्या घराण्याला काहीही सुचलेलं नव्हतं.

बाकीच्या मूर्ती गेल्या कुठे, तेही ऐकण्यासारखं आहे. हवाईत बायका-पुरुषांनी एका पंगतीला बसायचं नाही असा कडक नियम होता. शिवाय केळी, नारळ आणि डुकराचं मांस बायकांना वर्ज्य. १८१९ साली पहिला कामेहामेहा वारला आणि त्याचा मुलगा लिहोलिहो मेजवानीत उठून सरळ बायकांच्या पंगतीला जाऊन जेवला. आकाश कोसळलं नाही. मग देवळं पाडण्याचे आणि मूर्ती जाळण्याचे हुकूम सुटले. मिशनरी आले ते त्यानंतरच्या वर्षी, तोवर त्यांच्या वाटचं बरंचसं काम होऊन गेलेलं होतं. एका जेवणावळीत एवढं घडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि आमच्याकडच्या सोवळ्याओवळ्याची भांडणं मी लहानपणी जवळून बघितली आहेत.

हे सगळं मी जेवताना मोठ्या हौसेनं सांगितलं. लेक इथेच वाढलेली. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे ज्यांचे देव जळले, त्यांच्या देवांचे आता पेले करून लोक त्यात रम पितात. उद्या कुणी गणपतीच्या डोक्यात छत्री खोचून कॉकटेल दिलं तर तू काय करशील?"

मी ताटातली आमटी ओरपली. पोरगी बरोबर होती. तिच्याशी तह झाला तो असा: कूची नक्कल करायची नाही, म्युझियममधल्या कुठल्याच मूर्तीची करायची नाही, आणि कुणी विचारलं तर हा देव आहे असं म्हणायचं नाही. हा खानावळीच्या घराण्यातला, ट्रेडर व्हिकच्या लाकडी पायाचा दूरचा नातू.

कामाला सुरुवात रेघेनं होते. ओंडका आडवा ठेवायचा, लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंना ठोकळे लावायचे, आणि वरपासून खालपर्यंत मधोमध रेघ मारायची. गोल वस्तूचा मध्य कुठे, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. बायको डोक्याकडून बघून म्हणे, "डावीकडे घ्या." शेजारी पायाकडून बघून म्हणत, "डावीकडे." दोघं आपापल्या जागी बरोबर होते आणि खडू माझ्या हातात होता.

मग प्रमाण. पॉलिनेशियन मूर्तींचं डोकं धडाच्या मानानं मोठं असतं, कारण माणसाची सगळी शक्ती, ज्याला ते मना म्हणतात, डोक्यात वसते. म्हणून उंचीचे तीन भाग करून वरचा भाग डोक्याला द्यायचा. माझ्या आखणीत डोक्यानं हळूहळू अर्धा ओंडका गिळला. पुढे पोट, आणि उरलेल्या वीतभर जागेत गुडघे आणि पावलं एकमेकांना खेटून. शेजाऱ्यांनी लांबून पाहिलं. "बसका आहे," म्हणाले. "चांगलं आहे. वाऱ्यानं पडणार नाही."

मोठे काप चेनसॉनं घ्यायचे असतात. चेनसॉ हातात आली की विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते माणसाला लख्ख आठवतं. ते काप शेजाऱ्यांनीच घेतले आणि मला गोल पटाशी, चपटी पटाशी, तिरकी पटाशी आणि लाकडी मोगरी देऊन ते बिअर आणायला गेले. जुन्या काळी बेटांवर हे काम दगडी पात्याच्या वाकसानं व्हायचं. वाकस मला ओळखीचा. मालवणला आमच्याकडे सुतारमेस्त्री यायचे, ते दोन्ही पायांच्या अंगठ्यांमध्ये लाकूड धरून, त्या अंगठ्यांच्याच दिशेनं वाकस चालवायचे. आम्ही पोरं अंगठा कधी उडतो ते बघायला तासन्‌तास बसायचो. कधीच उडाला नाही. आमची सगळी सुट्टी त्या माणसानं फुकट घालवली.

ताडाबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: हे झाडच नव्हे. शास्त्राच्या हिशेबात ही एकदल वनस्पती, बांबू, ऊस आणि गवत यांच्या गोतावळ्यातली. त्यात वर्षागणिक वाढणारी कडी नसतात. बाहेरची काही इंचांची कवटी टणक आणि आत सगळा मऊ, ओला, दोऱ्यादोऱ्यांचा गाभा. बाहेर मोगरी मारून मारून मनगट सुजतं, आणि मग अचानक पटाशी आत गपकन जाते, पाहुणा मऊ सोफ्यात बसावा तशी. कापलेल्या प्रत्येक जागी तंतूंचा पिंजारा उठतो. या तंतूंनी पटाशीची धार भराभर मरते, म्हणून कोरण्याइतकाच वेळ दगडावर धार लावण्यात जातो. मला तो भाग सगळ्यात आवडला. पटाशीला धार लावणारा माणूस कामात आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि काही बिघडत नाही.

"चेहरा लाकडात आधीपासून असतोच," शेजारी सांगायचे, "आपण फक्त त्याच्यापर्यंत पोचायचं." माझ्या ओंडक्यातला चेहरा बराच आत राहायला होता. मी पोचायच्या भरात तसाच जात राहिलो असतो तर पलीकडच्या बाजूनं बाहेर पडलो असतो.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. इथे सकाळ, मालवणला रात्रीची जेवणं आटोपलेली. तिनं चष्मा पुसला.

"ह्यो कोण रे?"

"टिकी."

"देव काय?"

तह आठवून म्हटलं, "नाही. हॉटेलातला."

हे उत्तर तिला पटलं असावं, कारण तिनं लगेच व्यवहाराचं विचारलं. "तोंड कित्याक उघडा ठेवलंस? पाऊस भरतलो मा त्यात!" सॅन डिएगोत वर्षाकाठी जेमतेम दहा इंच पाऊस पडतो, तेवढा तुमच्याकडे एखाद्या दिवसातही कोसळतो, असं मी सांगून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी नेमकं तेच सांगितलं: खालच्या ओठाला बाहेरच्या बाजूनं उतार दे, पाणी साचलं की ताड आतून कुजतो. सातासमुद्रांपलीकडे राहणाऱ्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं माझ्या कामातल्या उणिवेवर असं एकमत होतं.

तिचा दुसरा प्रश्न तर शास्त्रज्ञाचा होता. सोंड्या लागलेला माड तर नाही ना आणलास? कोकणात माडाला गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा लागतो, हे तिथल्या प्रत्येक आईला पाठ असतं. या सोंड्याचा दक्षिण अमेरिकी चुलतभाऊ २०१०मध्ये इथून हाकेच्या अंतरावरच्या तिहुआनात सापडला, पुढच्या वर्षी सीमा ओलांडून सॅन डिएगोत आला, आणि तेव्हापासून कॅनरी बेटांच्या खजुरांची डोकी मोडून टाकतो आहे. तसा ओंडका एका जागेहून दुसरीकडे हलवायचाच नसतो. आमचा ताड निरोगी होता. आईला तसं शपथेवर सांगावं लागलं.

खरी परीक्षा महाराष्ट्र मंडळाची मंडळी जेवायला आली त्या दिवशी झाली. इथे दरवर्षी गणपतीआधी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा असते, त्यामुळे सगळेच मूर्तिकार. एक वहिनी म्हणाल्या, "डाव्या गालाला जरा माती लावा की." शाडूत ती मोठी सोय आहे. गाल बसला की पाण्याचा हात आणि गोळी लावून मोकळं. लाकडात एकदा गेलं ते गेलंच, त्यामुळे लाकडाचा कारागीर बोलतो कमी आणि बघतो जास्त. मी बोलणंही सोडलं नाही, हा भाग वेगळा. एका डॉक्टरांनी पुतळ्याभोवती फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, "तोंडाचा हा कोपरा केव्हापासून पडलाय?" एका इंजिनिअरनं पायाचं काय केलंत म्हणून चौकशी केली, त्याला मूर्तीचे पाय नव्हे, खालचं काँक्रीट म्हणायचं होतं. एक काका बराच वेळ गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "आमचा सातारचा साडू. हुबेहूब."

उग्र आहे, असं मात्र कुणीच म्हणालं नाही.

कारण तो उग्र नव्हता. काळजीत होता. घराला कुलूप लावून स्टेशनवर पोचल्यावर गॅस बंद केला होता का, असा प्रश्न पडलेल्या माणसाची काळजी. उघडं तोंड, मोठे डोळे, विचकलेले दात, सगळं विधिवत होतं. तरी त्याच्याकडे बघून भीती वाटण्याऐवजी धीर द्यावासा वाटे. याचं कारण शेजाऱ्यांनी पेन्सिलीनं कागदावर काढून दाखवलं. भुवई नाकाच्या बाजूला खाली उतरली तर राग. कानाच्या बाजूला उतरली तर काळजी. मधलं अंतर अर्ध्या इंचाचं. आणि माझ्या टिकीच्या भुवईला नाकाकडे खाली आणायचं तर जिथे लाकूड हवं, तिथून ते केव्हाच भुसा होऊन झाडांच्या बुंध्याशी गेलं होतं. माणसांच्या बाबतीत राग यायला काही लागत नाही आणि काळजी करायला कारण लागतं. ताडात सगळं उलटं निघालं.

म्हटलं, असू दे. उरलेलं सोपस्कारानं केलं. गॅसच्या टॉर्चनं तंतू जाळले. यानं दाढी उतरते आणि लाकडाला काळसर तांबूस रंग चढतो. तारेच्या ब्रशनं घासलं. बूड जमिनीला थेट लागू नये म्हणून खाली दगड रचले आणि चौघांनी मिळून पुतळा उभा केला. तेलाचा हात मात्र लाकूड वाळल्यावरच द्यायचा, म्हणून तो राहिला.

आठवड्याभरात सोसायटीच्या समितीचं पत्र आलं. पुतळ्याला हरकत नाही, कुंपणावरून त्याचा चेहरा रस्त्यावर दिसतो याला आहे. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या काही रहिवाशांना अस्वस्थ वाटतं. भीती वाटते असं लिहिलं असतं तर मी ते पत्र चौकटीत लावलं असतं. त्यांना वाटत होतं की कुणाला तरी मदत हवी आहे. समितीच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही पुतळा फिरवला आणि त्याचं तोंड आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आलं. बायको भांडी विसळताना रोज समोर. मला वाटलं, आता हिचं पत्र येणार. ती म्हणाली, "राहू दे. घरात कुणीतरी काळजी करणारं हवंच होतं."

उन्हाळा गेला. सांता आनाचे कोरडे वारे वाळवंटाकडून सुटले, आणि टिकी वाळायला लागला. ताडाची बाहेरची कवटी वाळताना फारशी हलत नाही. आतला ओला गाभा मात्र आक्रसतो, मागे सरतो. म्हणजे मी जिथे खोल कोरलं होतं, डोळे, गालांचे खड्डे, तोंडाची आतली बाजू, तेवढंच आत ओढलं गेलं आणि कडा जागच्या जागी राहिल्या. डोळे खोल गेले. त्यांच्यावर कपाळ पुढे झुकलं. नाकाच्या मुळाशी दोन आठ्या आल्या. ओठ दातांवरून मागे सरकला. एका रविवारी चहा घेताना मी खिडकीतून पाहिलं तर तो संतापलेला होता. नुसता रागावलेला नाही, पिढ्यानपिढ्यांचं काही थकलेलं असावं असा. बायकोनं खिडकीला पडदा लावून घेतला.

दिवाळीच्या फराळाला पुन्हा तीच मंडळी जमली. या वेळी कुणाला साडू आठवला नाही. मुलं त्याच्या मागच्या बाजूनं खेळत होती. डॉक्टरांनी चकली हातात तशीच धरून आठ्या जवळून निरखल्या. "या कशा काढल्या हो? मागच्या वेळी नव्हत्या."

"तिरकी पटाशी," मी म्हणालो. "घाव वरून खाली, आणि घालताना श्वास रोखायचा. मुद्दामच शेवटाला ठेवल्या होत्या."

शेजारी बाजूलाच करंजी खात उभे होते. ताडाचं काय होतं ते त्यांच्याइतकं त्या परसात कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी सावकाश तोंड पुसलं, पुतळ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत म्हणाले, "हे तो मार्केसास बेटांवर शिकला."

डॉक्टरांनी मान डोलावली. "तरीच," ते म्हणाले, "कोजागिरीला दिसला नाहीत."